वयाची अट गेली, रस्ता मात्र 17 वर्षांच्या मुलांचाच

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 21 ऑक्टोबर 2021च्या बैठकीत एक निर्णय घेतला आणि मार्च 2022 मध्ये तो जाहीर झाला. नीट-यूजीला, म्हणजे एमबीबीएसच्या प्रवेश परीक्षेला, बसण्यासाठी वयाची कमाल मर्यादा यापुढे नाही. किमान वय 17 पूर्ण, वर कितीही. त्याआधीची काही वर्षं हा विषय कोर्टकचेरीत लोंबकळत होता. 2017 मध्ये खुल्या प्रवर्गासाठी 25 आणि राखीव प्रवर्गांसाठी 30 अशी मर्यादा घालायचा प्रयत्न झाला, तो सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षापुरता अडवला. जानेवारी 2018 मध्ये तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलने तीच मर्यादा रीतसर नियमांत आणली. मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंचविशी ओलांडलेल्यांना परीक्षेला बसू द्या असा अंतरिम आदेश दिला. तिशीच्या आसपासच्या माणसाने त्या काळात अभ्यासाला बसायचं, तर पुढच्या मे महिन्यात आपल्याला परीक्षा देता येईल की नाही हेच त्याला ठाऊक नसायचं. 2022 मध्ये ती टांगती तलवार गेली. फार चांगलं झालं.

त्याआधी डिसेंबर 2020 मध्ये ओडिशातल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने वयाच्या 64व्या वर्षी बुर्ला इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसला प्रवेश घेतला होता. देशभर बातमी झाली. त्या गृहस्थांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण अशा बातम्यांनी एक नुकसान होतं. लोक म्हणतात, ‘बघा, मनात आणलं तर काय होत नाही!’ आणि सगळा प्रश्न जिद्दीपाशी येऊन थांबतो. 64व्या वर्षी कॉलेजात जाणारा माणूस नोकरी उरकून, संसाराच्या जबाबदाऱ्या बऱ्याचशा मागे टाकून आलेला असतो. तिशी-पस्तिशीतल्या माणसाचं तसं नसतं. जिद्द त्याच्याकडेही असते. त्याच्या वाटेत उभे असतात ते घराचे हप्ते, मुलांची शाळा, न मिळणारी रजा आणि सरकारी भरतीचे नियम. यांपैकी काहीही मनात आणून हलत नाही.

मी ठाण्यात कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. डॉक्टर व्हायचं ठरवलेली मुलं दरवर्षी समोर असतात, आणि अलीकडे त्यांच्याबरोबर मोठी माणसंही विचारायला येतात. कुणी ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करणारा इंजिनिअर, कुणी फार्मासिस्ट, कुणी लॅब टेक्निशियन. सगळ्यांत जास्त नर्सेस. त्यांच्याशी बोलून, त्यांचे फॉर्म भरताना बसून माझं मत पक्कं झालंय. आपण वयाची अट कागदावरून खोडली, पण डॉक्टर होण्याचा सबंध रस्ता अजूनही वडिलांच्या पैशांवर जगणाऱ्या, दुसरं काही काम नसलेल्या 17 वर्षांच्या मुलासाठीच आखलेला आहे. रस्ता बदलायचा नसेल तर वयाची अट काढल्याचं श्रेय घेण्यात अर्थ नाही. आणि बदलायचा असेल तर सुरुवात आरोग्यसेवेत आधीच राबणाऱ्या माणसांपासून झाली पाहिजे.

कळव्यात राहणारी आणि एका खासगी रुग्णालयात आयसीयूमध्ये काम करणारी एक सिस्टर गेल्या वर्षी रविवारी दुपारी माझ्याकडे जीवशास्त्र करायला यायची. बारावी सायन्स, मग जीएनएम ही नर्सिंगची पदविका, मग दहाएक वर्षं नोकरी. आम्ही उत्सर्जन संस्थेचा धडा काढला. मी नेफ्रॉनची आकृती काढून गाळण कशी होते ते सांगायला लागले, तर ती म्हणाली, “मॅडम, हे आम्ही रोज मोजतो. पेशंटची युरिन तासाला तीस मिलिलिटरच्या खाली गेली की आधी कॅथेटर अडकलंय का बघायचं, मग बीपी बघायचं, आणि दोन तास तसंच राहिलं तर डॉक्टरांना उठवायचं.” रक्तदाब पडला की गाळण का मंदावते, हे तिने मला एका आजोबांच्या केसवरून सांगितलं. शस्त्रक्रियेनंतरची दुसरी रात्र, युरोबॅग जवळजवळ कोरडी, निवासी डॉक्टर दुसऱ्या वॉर्डात अडकलेला आणि हिने फोनवरून त्याला आकडे वाचून दाखवले. पुस्तकात जे तीन परिच्छेद आहेत ते तिच्या हाताला माहीत होते. माझे वर्गातले हुशारातले हुशार विद्यार्थीसुद्धा हा धडा असा समजून घेत नाहीत, घेऊ शकत नाहीत. त्यांनी अजून आजारी माणूस पाहिलेला नसतो.

तिचं गाडं अडलं ते फिजिक्सपाशी. नीटच्या 180 प्रश्नांत 45 प्रश्न फिजिक्सचे, म्हणजे 720 पैकी 180 गुण. दहा वर्षं ज्या विषयाचं पान उघडलेलं नाही त्यात, रोज सहा तास क्लासला बसणाऱ्या मुलांशी स्पर्धा. नाइट ड्यूटी संपवून सकाळी आठला घरी येणार, मुलाला शाळेत सोडणार, चार तास झोपणार आणि मग जडत्वाच्या आघूर्णाची गणितं सोडवणार. नौपाड्यातल्या एका क्लासमध्ये ती चौकशीला गेली तेव्हा काउंटरवरच्या मुलीने विचारलं, “मुलगी कितवीला आहे?” स्वतःसाठीच आलेय म्हटल्यावर उत्तर आलं, की रिपीटर बॅच सकाळी साडेसात ते दुपारी दीड, दुसरी वेळ नाही. त्या मुलीचा काही दोष नव्हता. तिच्याकडे असं कुणी येत नसावं.

फिजिक्स डॉक्टरला लागतच नाही असं मी म्हणणार नाही. एक्स-रे, एमआरआय, व्हेंटिलेटर, रक्ताचा प्रवाह या सगळ्यात ते आहे. पण नीटमधलं फिजिक्स डॉक्टरला काय लागतं याचा विचार करून बसवलेलं नाही. 2024 मध्ये 23 लाखांहून जास्त मुलं परीक्षेला बसली आणि देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आत होत्या. एवढ्या लोकांतून एवढेच निवडायचे तर चाळणी बारीकच लागणार. ही चाळणी वेग आणि सराव मोजते. माणूस रुग्णाजवळ रात्र काढू शकतो का, रक्त बघून डगमगतो का, नातेवाइकांशी नीट बोलतो का, यातलं काहीच ती मोजत नाही. 17 वर्षांच्या मुलाबद्दल हे मोजणं कठीण आहे, मान्य. दहा वर्षं वॉर्डात काढलेल्या माणसाबद्दल ते मोजायचीही गरज नाही, त्याच्या कामाच्या नोंदी उपलब्ध आहेत. तरी दोघांना एकच चाळणी.

आता दुसरी बाजू. मोठ्या वयाच्या उमेदवाराविरुद्ध जो मुद्दा हमखास पुढे येतो तो जागा वाया जाण्याचा. सरकारी कॉलेजातल्या एका डॉक्टरवर जनतेचा पैसा खर्च होतो, तो जास्तीत जास्त वर्षं वापरला गेला पाहिजे. मुद्दा खोटा नाही, म्हणून हिशेब मांडूनच बघू. एमबीबीएस साडेचार वर्षं, त्यावर एक वर्ष इंटर्नशिप. 18व्या वर्षी आत गेलेला मुलगा साडेतेविसाव्या वर्षी डॉक्टर होतो, सरकारी कॉलेजातला असेल तर एक वर्ष बंधपत्राची, म्हणजे सक्तीची सरकारी सेवा देतो, मग नीट-पीजीसाठी वर्ष-दोन वर्षं घरी बसतो, तीन वर्षं एमडी करतो आणि अठ्ठावीस-तिशीला खऱ्या अर्थाने कामाला लागतो. 32व्या वर्षी आत गेलेली नर्स साडेसदतिसाव्या वर्षी डॉक्टर होईल. तिने पुढे काहीच शिकायचं नाही असं धरलं आणि 65ला थांबायचं ठरवलं, तरी 27 वर्षांहून जास्त सेवा उरते. वैद्यकीय शिक्षकांना तर आयोगाच्या नियमांनुसार 70 वर्षांपर्यंत शिकवता येतं. फरक आहे, पण तो आठ-नऊ वर्षांचा आहे. शिवाय तरुण डॉक्टरांतले किती परदेशी जातात, किती जणी लग्नानंतर किंवा बाळंतपणानंतर बाहेर पडतात, किती जण प्रशासकीय सेवेकडे वळतात, हे या हिशेबात कुणी धरत नाही. ज्या बाईने तिशीत, घर चालवत असताना, पगार सोडून हा व्यवसाय निवडला ती तो मध्येच सोडून जाण्याची शक्यता मला तरी कमी वाटते.

दुसरा आक्षेप शरीराचा. तिशी-पस्तिशीत पाठांतर जमत नाही, रात्रीची जागरणं झेपत नाहीत. पाठांतर मंदावतं हे खरं आहे, शरीररचनाशास्त्राची हजारो नावं विसाव्या वर्षी लवकर बसतात. पण जागरणांचं काय? निवासी डॉक्टरांच्या कामाला आठवड्याला 48 तासांची मर्यादा असावी असं केंद्र सरकारने 5 जून 1992च्या आदेशात म्हटलं आहे. तीस वर्षं उलटली, ते पाळलं जात नाही. 2024 मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा विचार करणाऱ्या राष्ट्रीय कृतिदलाने आठवड्याला 74 तासांवर थांबा आणि एक दिवस सुट्टी द्या असं सुचवलं. म्हणजे प्रत्यक्ष काम त्याहूनही जास्त चालतं, हे तिथेच मान्य झालं. सलग छत्तीस तास काम करणारा 26 वर्षांचा डॉक्टरसुद्धा चुका करतो. तो तरुण आहे म्हणून त्याची अपुरी झोप कमी धोक्याची होत नाही. ज्या वेळापत्रकात चाळिशीतला माणूस टिकणार नाही, ते वेळापत्रक कुणासाठीच ठीक नाही. ते बदलायचं सोडून माणसाच्या वयाकडे बोट दाखवणं मला पटत नाही.

या निमित्ताने आपल्याच इतिहासातली दोन नावं आठवतात. आनंदीबाई जोशी कल्याणच्या, 31 मार्च 1865चा जन्म. 18व्या वर्षी अमेरिकेला गेल्या, पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून मार्च 1886 मध्ये पदवी घेतली, तेव्हा वय 20, जवळजवळ 21. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक झाली, पण 26 फेब्रुवारी 1887 रोजी क्षयाने गेल्या. प्रत्यक्ष सेवा त्यांच्या हातून घडू शकली नाही. हे दुःख मराठी माणसाच्या मनात आजही ताजं आहे, आणि असायलाच हवं.

रखमाबाई राऊत आनंदीबाईंहून काही महिन्यांनी मोठ्या, 22 नोव्हेंबर 1864च्या. लहानपणी झालेल्या लग्नात नांदायला जायला त्यांनी नकार दिला आणि 1884 पासून चार वर्षं तो खटला लढल्या. खटला मिटला 1888 मध्ये. त्यानंतर, 1889 मध्ये, त्या वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला गेल्या. समवयस्क आनंदीबाईंना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. 1894 मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर, त्यांचं शिक्षण पूर्ण झालं. मग सुरत, मग राजकोट, बायकांची रुग्णालयं, सुमारे 35 वर्षांची अखंड सेवा. 1955 मध्ये नव्वदीत गेल्या. शाळकरी मुलांना आपण आनंदीबाईंची गोष्ट आवर्जून सांगतो, ती सांगितलीच पाहिजे. रखमाबाईंची मात्र त्या मानाने फार थोडी. पंचविशीला टेकलेली, समाजाने नाव ठेवलेली, कोर्टात उभी राहिलेली एक बाई शिकायला बसली आणि तिने पस्तीस वर्षं रुग्ण तपासले, ही गोष्ट माझ्या वर्गातल्या मुलींना आणि त्यांच्या आयांनाही जास्त उपयोगाची आहे. रखमाबाईंना ‘आता कशाला, वय झालं’ म्हणणारे त्या काळी कमी नसणार.

बाहेरच्या देशांत काय चालतं हे थोडक्यात सांगते. अमेरिकेत आधी एक पदवी घेतल्याशिवाय वैद्यकीय महाविद्यालयात सहसा जाताच येत नाही, त्यामुळे तिथे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचं सरासरी वय 24च्या आसपास असतं. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमध्ये आधीच पदवीधर असलेल्यांसाठी चार वर्षांचे वेगळे अभ्यासक्रम गेली पंचवीसेक वर्षं सुरू आहेत. त्यांचं सगळं आपण उचलावं असं नाही, त्यांची कर्जं आपल्याला परवडणारी नाहीत.

आपल्याकडेही तसे मार्ग होते. स्वातंत्र्याच्या आसपास लायसेन्शिएट डॉक्टर असत, कमी मुदतीचं शिक्षण घेतलेले. देशाच्या आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीच्या 1946च्या अहवालानंतर देशाने एकाच दर्जाच्या डॉक्टरचा रस्ता धरला आणि त्या जुन्या लोकांना एमबीबीएसपर्यंत नेण्यासाठी कंडेन्स्ड कोर्स काढले गेले. कामाचा अनुभव असलेल्या मोठ्या माणसाला त्याचा अनुभव जमेस धरून पुढे नेता येतं, हे आपल्या व्यवस्थेने एकदा करून दाखवलेलं आहे.

आजही हे तत्त्व एका ठिकाणी मान्य आहे. ग्रामीण भागात सरकारी सेवा करणाऱ्या एमबीबीएस डॉक्टरांना पदव्युत्तर प्रवेशात वेगळा वाटा देण्याचा अधिकार राज्यांना आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये सांगितलं, आणि महाराष्ट्राने 2022 मध्ये सेवेतल्या डॉक्टरांसाठी 20 टक्के जागा ठेवल्या. डॉक्टरची सेवा जमेस धरली जाते. नर्सची का नाही? शहापूर किंवा मुरबाडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पंधरा वर्षं बाळंतपणं करणाऱ्या सिस्टरने डॉक्टर व्हायचं म्हटलं, तर तिला त्या पंधरा वर्षांचा एक गुणही मिळत नाही. तिने पहिल्यापासून, बारावीच्या मुलांच्या रांगेत उभं राहायचं.

मला हवा आहे तो मार्ग असा. परिचारिका, परिचर्या पदवीधर, फार्मासिस्ट, तंत्रज्ञ यांच्यापैकी ज्यांनी किमान पाच वर्षं सार्वजनिक आरोग्यसेवेत काम केलं आहे, त्यांच्यासाठी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मोजक्या जागा वेगळ्या ठेवाव्यात. नीट पात्र होणं सक्तीचं ठेवा, दर्जाशी तडजोड नको. पण गुणवत्ता यादी त्यांची त्यांच्यात लावा आणि सेवेच्या नोंदींना वजन द्या. अभ्यासक्रम एक दिवसानेही कमी करू नका. जे इतरांना शिकावं लागतं ते सगळं त्यांनीही शिकावं. मोबदल्यात बंधपत्र एका वर्षाचं न ठेवता पाच वर्षांचं ठेवा, आपल्याच जिल्ह्याच्या ग्रामीण भागात. मुरबाडची मूळची सिस्टर डॉक्टर होऊन मुरबाडला पाच वर्षं राहील, कदाचित पुढेही राहील. मुंबईहून बदली होऊन आलेला तरुण डॉक्टर पहिल्या महिन्यापासून परतीची खटपट करत असतो, हे तिथल्या लोकांना चांगलं माहीत आहे.

मुलांच्या जागा जातील, हा आक्षेप माझ्याच विद्यार्थ्यांचे पालक घेतील. म्हणून या जागा नव्याने वाढणाऱ्या जागांतून काढाव्यात. ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यात दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यातलं एक आपल्या जिल्ह्यात, अंबरनाथला. कळव्यात महापालिकेचं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आधीपासून आहेच. जिथे नव्या जागा येतात तिथे शंभरात पाच जागा अशा उमेदवारांना ठेवल्या तर कुणाच्या ताटातलं काढून घेतलं असं होत नाही.

पैशाचा भाग उरतोच. नवी मुंबई-ठाणे पट्ट्यात वैद्यकीय महाविद्यालयं कमी नाहीत, पण देशभरातल्या अभिमत विद्यापीठांपैकी अनेकांत वर्षाची फी 20 लाखांच्या पुढे आहे. त्या दाराशी पगारदार माणसाने जाऊच नये, असं मी स्पष्ट सांगते. घर विकून चाळिशीत डॉक्टर होण्याला मी धाडस म्हणणार नाही. सरकारी कॉलेजातली फी त्या मानाने थोडी असते आणि 2024 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. पण मोठ्या वयात खरी अडचण फीपेक्षा बंद होणाऱ्या पगाराची असते. साडेचार वर्षं घरात एक पगार येणार नाही. पुरुषाच्या बाबतीत बायकोच्या पगारावर घर चालतं आणि सगळे म्हणतात, ‘नवऱ्यासाठी किती केलं तिने!’ तेच बाईने केलं की सासरी-माहेरी एकच प्रश्न, मुलांचं कोण बघणार? सेवेतल्या नर्सला बिनपगारी रजा नव्हे, तर निम्म्या पगाराची अभ्यासरजा द्यायला हवी, सेवेत परत येण्याच्या अटीवर. पदव्युत्तर शिक्षणाला जाणाऱ्या सेवेतल्या डॉक्टरसाठी सरकार जो विचार करतं, तोच तिच्यासाठी करायला काय हरकत आहे?

मी सगळ्यांना डॉक्टर व्हा म्हणत नाही. आयटीतल्या कामाला कंटाळलोय म्हणून नीट देतो म्हणणाऱ्याला मी आधी एका रुग्णालयात महिनाभर स्वयंसेवक म्हणून जायला सांगते. कंटाळा हे कारण या व्यवसायात पुरत नाही, इथे कंटाळवाणं काम ढीगभर आहे. इंजिनिअरांसाठी वाट थोडी मोकळी झाली आहे. बारावीला बायोलॉजी नसेल तर नंतर जादा विषय म्हणून देऊन नीटला बसता येईल, असं आयोगाने नोव्हेंबर 2023 मध्ये स्पष्ट केलं. मुक्त विद्यालयातून बारावी झालेल्यांवरची बंदी तर 2018च्या त्याच दिल्लीच्या निकालात उडाली होती. पण आत गेल्यावर नऊ वर्षांत एमबीबीएस पूर्ण करावं लागतं आणि पहिल्या वर्षाला चारच संधी मिळतात, हेही माहीत असावं.

हृदयशस्त्रक्रियेचं स्वप्न असेल तर बत्तीशीत सुरुवात करणाऱ्याने बेरीज करून बघावी. एमबीबीएसची साडेचार, इंटर्नशिपचं एक, बंधपत्राचं एक, पदव्युत्तरची तीन, त्यापुढच्या विशेष शिक्षणाची पुन्हा तीन. मध्ये एकही वर्ष वाया गेलं नाही असं धरलं तरी पंचेचाळिशीच्या आसपास हातात स्वतंत्र काम येतं. ज्याला ते पेलतं त्याने जरूर जावं. पण या वयात येणाऱ्या बहुतेकांसाठी मला सगळ्यांत चांगली वाटते ती फॅमिली डॉक्टरची वाट, आणि गरजही तिचीच आहे. पाचपाखाडी, नौपाडा, वागळे इस्टेट, जुनं कळवा इथले एका खोलीचे दवाखाने आठवून बघा. ज्यांच्याकडे तीन पिढ्या जात होत्या ते डॉक्टर सत्तरी-पंचाहत्तरीत आहेत. त्यांची मुलं डॉक्टर झाली, पण विशेषज्ञ होऊन मोठ्या रुग्णालयात गेली. दवाखान्याला कुलूप लागलं की त्या गल्लीतली माणसं साध्या तापासाठी कॉर्पोरेट हॉस्पिटलच्या ओपीडीत बसतात किंवा मेडिकलवाल्याला विचारून गोळ्या घेतात. ऐकून घेणारा, घरची परिस्थिती समजणारा, कुणाला कधी पुढे पाठवायचं हे ओळखणारा डॉक्टर व्हायला आयुष्य थोडं पाहिलेलं असणं ही कमतरता नाही.

एवढं सगळं करून ती सिस्टर डॉक्टर झालीच, तर पुढे तिच्यासमोर काय असेल? राज्य शासनाच्या सेवेत थेट भरतीला सर्वसाधारण कमाल वय खुल्या प्रवर्गासाठी 38 आहे, मागासवर्गीयांसाठी 43. 33व्या वर्षी एमबीबीएसला गेलेली खुल्या प्रवर्गातली बाई इंटर्नशिप संपवते तेव्हा साडेअडतीस वर्षांची असते. बंधपत्राचं वर्ष धरलं तर साडेएकोणचाळीस. म्हणजे जिला आपण सरकारी खर्चाने डॉक्टर केलं, जिच्याकडून वर्षभर सक्तीने सेवा घेतली, तिलाच कायम नोकरीसाठी अर्जसुद्धा करता येणार नाही. केंद्राच्या एकत्रित वैद्यकीय सेवा परीक्षेची सर्वसाधारण मर्यादा तर 32ची. दुसरीकडे राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी भरतीच्या जाहिराती काढून बघा. एमबीबीएस वैद्यकीय अधिकाऱ्यासाठी 70 वर्षांपर्यंतचे उमेदवार चालतात. कंत्राटावर सत्तरीपर्यंत रुग्ण तपासायला जो माणूस सक्षम आहे, तो पेन्शनच्या नोकरीसाठी एकोणचाळिसाव्या वर्षी म्हातारा कसा?

एमबीबीएसच्या प्रवेशाचे नियम दिल्लीत ठरतात, तिथे पोचायला वेळ लागेल. वेगळ्या जागांचा प्रस्तावही आयोगाच्या मान्यतेशिवाय पुढे जाणार नाही. पण 38ची अट राज्याची स्वतःची आहे. एप्रिल 2016 मध्ये ती 33 वरून 38 वर नेली ती एका शासन निर्णयाने. वैद्यकीय अधिकारी पदासाठी ती शिथिल करायलाही तसाच एक शासन निर्णय लागेल, वर खर्चाचा एक रुपयाही नाही. एमबीबीएस आणि बंधपत्राच्या सेवेत गेलेली वर्षं वयातून वजा करा, किंवा या पदापुरती मर्यादा सरळ 50 करा. ग्रामीण रुग्णालयांतली रिकामी पदं दर अधिवेशनात विधानसभेत विचारली जातात. पुढच्या वेळी ठाणे जिल्ह्यातल्या आमदारांपैकी कुणी तो प्रश्न विचारला, तर त्याच प्रश्नाला हा दुसरा जोडावा, आणि आरोग्यमंत्र्यांकडून तारखेसकट उत्तर घ्यावं.